'पर्स' हा शब्द त्याला कळला होता

अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, कार्यकर्ते आणि सभासद यांना,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट सांगते, म्हणजे हे पत्र का लिहिते आहे ते कळेल. नेहमीप्रमाणे एका हायस्कूलचा हॉल भाड्याने घेतला होता. सकाळी साडेआठला आम्ही पाचसहा जणी मागच्या दाराने सामान आत नेत होतो: मखराचे खांब, समयांची खोकी, फॉइलने झाकलेले मोदकांचे ट्रे. शाळेचा कस्टोडियन, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, दार धरून उभा होता. साठीचा कृष्णवर्णीय माणूस, निळा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दार धरणं काही त्याच्या कामात बसत नव्हतं, पण आमचे दोन्ही हात भरलेले बघून तो थांबला. एक खांब चौकटीत अडकला तेव्हा त्यानेच तो तिरका करून आत घेतला. तेवढ्यात आमच्यातली एक जण मागे वळून दुसरीला म्हणाली, "अगं, पर्स जवळ ठेव हं."

त्याला मराठी कळणार नाही या खात्रीने ती बोलली. पण त्या वाक्यातला 'पर्स' हा शब्द मराठी नाही. त्याचा चेहरा हलला नाही. त्याने फक्त दार धरलेला हात बदलला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, आमच्या सामानापासून लांब. आणि मी? मी माझ्या खांद्यावरची पर्स पुढे ओढून घेतली होती. वाक्य कानावर पडल्याबरोबर हात आपोआप गेला.

त्या हाताने वर्षभर मला स्वस्थ बसू दिलेलं नाही.

मी १९९१ पासून न्यू जर्सीत राहते. या काळात मंडळाच्या शेकडो कार्यक्रमांना गेले, हळदीकुंकवं केली, दिवाळी अंकांचं वाटप केलं, मराठी शाळेत शिकवलं. आणि या सगळ्या वर्षांत काही वाक्यं इतक्या वेळा ऐकली की ती कुणाची मतं आहेत असं वाटेनासं झालं, हवामानासारखी ती कायम आसपासच असतात. "तो एरिया चांगला नाही." "त्यांना शिकायचंच नसतं." "वेल्फेअरवर मजा चालली आहे." "आपणही बाहेरूनच आलो ना, मग आपण कसे वर आलो?" आपापसात 'कल्लू' म्हणणं तर इतकं सवयीचं आहे की तो शब्द उच्चारताना कुणी आवाजही खाली आणत नाही. मीही हे सगळं बोलले आहे.

ही वाक्यं आपण निरीक्षण म्हणून बोलतो, 'जे दिसतं ते सांगितलं' अशा सुरात. माझं म्हणणं आहे की जे दिसतं ते घडवण्यात या वाक्यांचा हात आहे. आधी शिक्का मारला गेला. त्या शिक्क्याच्या जोरावर कर्ज नाकारलं, घर नाकारलं, नोकरी नाकारली. त्यातून गरिबी आली, आणि आता तीच गरिबी शिक्का खरा असल्याचा पुरावा म्हणून दाखवली जाते. हे चाक फिरवायला आज कुणी कू क्लक्स क्लानसारखे पांढरे झगे घालून रस्त्यावर उतरावं लागत नाही. सत्यनारायण घालणारी, मुलांना रविवारी मराठी शाळेत सोडणारी, कुणाचं वाईट न चिंतणारी माणसंही ते फिरवू शकतात. मी फिरवलेलं आहे, म्हणून सांगते.

१९९८ साली आम्ही घर शोधत होतो. एजंट आपल्यातलाच, सज्जन माणूस. मिडलसेक्स काउंटीत चार शनिवार त्याने आम्हाला फिरवलं. एका शनिवारी जरा लांबच्या गावात गेलो असताना डावीकडे एक रस्ता लागला. विटांची टुमदार घरं, पुढे हिरवळ, एका मोठ्या मेपलला टांगलेला झोपाळा. विक्रीची पाटीही होती, आणि किंमत आम्ही बघत होतो त्या घरांपेक्षा बरीच कमी. मी म्हटलं, "अहो, हे बघू या की." तो गाडी हळू करायलाही तयार नव्हता. "ताई, घर छान आहे. पण इथे नको. रिसेलला त्रास होतो." माझ्या नवऱ्याने शाळेचं रेटिंग विचारलं. "तेच तर," तो म्हणाला, आणि आम्ही पुढे गेलो. मी काचेतून मागे पाहिलं. एक कृष्णवर्णीय आजी पाइपने फुलझाडांना पाणी घालत होत्या.

तो एजंट एक अवाक्षरही वंशाबद्दल बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. वंश बघून गिऱ्हाइकाला असं वळवणं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बेकायदा ठरवलं आहे, पण 'रिसेल' हा शब्द कुठल्या कायद्यात बसतो? आणि खरी अडचण अशी की तो खोटंही बोलत नव्हता. तिथे रिसेलला खरोखरच त्रास होत असणार. का होतो, ते बघा. आमच्यासारखी दोन पगारांची कुटुंबं त्या रस्त्यावर गाडी थांबवत नाहीत. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. भाव कमी, म्हणून गावाला मिळणारा प्रॉपर्टी टॅक्स कमी, आणि या देशात शाळांचा मोठा खर्च त्याच टॅक्समधून भागतो. शाळा मागे पडते. रेटिंग घसरतं. पुढच्या शनिवारी दुसरा एजंट दुसऱ्या कुटुंबाला तेच रेटिंग दाखवतो. आमच्या राज्यात तर यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या. ॲबट खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली बजावलं की गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांच्या तोडीचा पैसा द्या. कोर्टाने शाळेच्या खर्चाचं बघितलं, पण आमची गाडी थांबवायला लावणं कोर्टाच्या हातात नव्हतं.

आम्ही दुसरीकडे घर घेतलं. त्याची किंमत आज तिपटीवर गेली आहे. थोरल्याच्या कॉलेजची फी त्या घरावर कर्ज काढून भरली, धाकटीला तिच्या घरासाठी डाउन पेमेंट दिलं. लोक म्हणतात, मुलांसाठी किती केलंत हो! आम्ही काय केलं? ती कमाई घराने केली, आणि घराने ती केली कारण ते 'चांगल्या' बाजूला होतं.

आता ही 'चांगली' बाजू ठरवली कुणी? काही दिवसांपूर्वी मी १९३० च्या दशकातले सरकारी नकाशे बघत बसले होते. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाच्या सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे करून प्रत्येक वस्तीला रंग दिले होते: हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे धोक्याची, इथे पैसे अडकवू नका. रिचमंड विद्यापीठाने ते सगळे इंटरनेटवर ठेवले आहेत. एसेक्स काउंटीचा आहे, ट्रेंटनचा आहे, कॅमडेनचा आहे. नकाशापेक्षा मला त्याच्यासोबतच्या फॉर्मने हलवलं. प्रत्येक वस्तीसाठी एक छापील फॉर्म आहे. इमारतींचं वय, भाडं, हे रकाने तर आहेतच. पण त्याच फॉर्ममध्ये, जमिनीच्या चढउताराच्या बरोबरीने, 'निग्रो' असा एक छापील रकाना आहे, होय की नाही आणि किती टक्के. आणि त्याच्याजवळ 'शिरकाव' असा दुसरा: कुठल्या लोकांचा शिरकाव होतो आहे ते लिहा. वाळवीचा होतो ना, तसा. कुणातरी कारकुनाने निगुतीने टाइप करून ते रकाने भरले आहेत.

याच सुमारास, १९३४ मध्ये, फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन सुरू झालं. बँकेने दिलेल्या गृहकर्जाची हमी सरकार घेणार, त्यामुळे साध्या नोकरदाराला घर परवडणार, अशी ती योजना. अमेरिकेचा मध्यमवर्ग उभा राहिला तो बराचसा तिच्यावर. पण या संस्थेचे स्वतःचे नियमच सांगत होते की मिश्र वस्ती ही जोखीम आहे, आणि घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही अशी अट खरेदीखतात घातली तर उत्तम. लाँग आयलंडवरचं लेव्हिटटाउन १९४७ पासून सरकारी हमीच्या पैशांवर उभं राहिलं, आणि तिथल्या करारात कॉकेशियन वंशाखेरीज कुणी राहू नये असं कलम होतं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा जीआय बिल कायदा आला, स्वस्त कर्ज, शिक्षण. कागदावर सगळ्यांसाठी. मिसिसिपी राज्यातल्या शहरांचा १९४७ चा हिशोब उपलब्ध आहे: तीन हजारांहून अधिक कर्जांना हमी मिळाली, त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? २. त्याआधी १९३५ च्या सोशल सिक्युरिटीतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसांना दुसरं काम होतंच कुठे?

या देशात सामान्य माणसाची संपत्ती म्हणजे त्याचं घर. दोन पिढ्यांना ते घेऊ दिलं नाही की तिसऱ्या पिढीकडे काय असणार? फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत सगळी कुटुंबं ओळीने उभी केली आणि बरोबर मधलं कुटुंब धरलं, तर गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर निघाली. कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. आशियाई कुटुंबाची ५,३६,०००. आशियाईंमध्ये सगळे आले, श्रीमंत-गरीब, तरी हा आकडा मी कितीदा तरी पाहत बसले. आशियाई कुटुंब आणि कृष्णवर्णीय कुटुंब यांच्यात बाराला एक असं हे प्रमाण पडतं, जवळजवळ.

"ते सगळं जुनं झालं हो," असं कुणीतरी म्हणेलच. ब्रुकिंग्स इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये एक हिशोब मांडला. घर तेवढंच, सोयी त्याच, आसपासच्या गोष्टीही सारख्या धरल्या, तरी कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या वस्तीतल्या घराची किंमत सरासरी २३ टक्क्यांनी कमी लागते. दर घरामागे सुमारे ४८,००० डॉलर. त्या झाडांना पाणी घालणाऱ्या आजींच्या हातून एवढी रक्कम गेली, आणि नेली कुणी एकाने नाही. 'रिसेलला त्रास होतो' म्हणत पुढे गेलेल्या सगळ्या गाड्यांनी मिळून नेली. त्यातली एक आमची होती.

नोकरीचंही तसंच. २००२ च्या सुमारास मी एका कंपनीत टीम लीड होते आणि एका जागेसाठी अर्ज चाळत होते. जेवणाच्या टेबलावर तीसेक रेझ्युमे पसरले होते. एका रेझ्युमेवरच्या नावावरून कळत होतं की मुलगी कृष्णवर्णीय आहे. शिक्षण ठीक, अनुभव आमच्या कामाला नेमका जुळणारा. मी तो रेझ्युमे वाचला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. मनात काही वाईट विचार आला, असं नाही. 'टीममध्ये जमेल का' एवढंच आलं. वरचे सात बोलावले, त्यातून एक घेतला, आपलाच मुलगा होता, हुशार होता. तळाचा गठ्ठा मी कधी उघडलाच नाही.

दोन वर्षांनी, २००४ मध्ये, मारियान बर्ट्रांड आणि भारतात जन्मलेले सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन आणि शिकागोत त्यांनी सुमारे ५,००० बनावट रेझ्युमे पाठवले. मजकूर तोलामोलाचा, नावं तेवढी वेगळी: कुठे एमिली आणि ग्रेग, कुठे लकीशा आणि जमाल. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त फोन आले. मी तो लेख वाचताना मला ते जेवणाचं टेबल दिसत होतं. आदल्या वर्षी समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिल्वॉकीत याहून कठोर गोष्ट दाखवली होती. त्यांनी सारख्या शिक्षणाचे तरुण प्रत्यक्ष नोकरी मागायला पाठवले. तुरुंगात जाऊन आल्याचं सांगणाऱ्या गोऱ्या तरुणाला १७ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. ज्याच्यावर कसलाच गुन्हा नाही अशा कृष्णवर्णीय तरुणाला १४ टक्के.

नाव बघून माणूस जोखण्याचं दुःख आपल्याला नवीन आहे का? श्रीकृष्णाचा 'क्रिस' आणि संतोषचा 'सॅन' कशासाठी झाला? आपण नाव तोडून सुटलो. त्या मुलीने नाव तोडलं असतं तरी मुलाखतीच्या खोलीत शिरल्यावर काय केलं असतं?

इथे मंडळांबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला येतं: "आमच्याकडे ओपनिंग आहे, रेझ्युमे पाठवा, मी रेफर करतो." फार चांगली गोष्ट आहे. माझ्या धाकटीची पहिली इंटर्नशिप अशीच मिळाली. पण जागा जाहिरात होण्याआधीच अशा ग्रुपांमधून भरत असतील तर जो कुठल्याच ग्रुपमध्ये नाही त्याच्यापर्यंत ती कशी जाणार? गोऱ्यांचे गोल्फ क्लब आहेत, आपली मंडळं आहेत. ज्यांच्या आईवडिलांना ऑफिसात फक्त झाडलोटीसाठी प्रवेश होता, त्यांच्या ग्रुपवर कुठली ओपनिंग येणार? दुसऱ्याचं वाईट करायचं कुणाच्याच मनात नाही, आपल्या माणसाचं भलं करायचं आहे. तरी हिशोब तिथेच जाऊन पोचतो.

आता तुमच्या मनात येत असलेलं बोलते. "पण गुन्हे तर त्याच भागात होतात ना? आकडे खोटे आहेत का?" नाहीत. गरीब, कोंडलेल्या वस्त्यांत गुन्हे जास्त होतात, आणि त्यांची पहिली झळ तिथेच राहणाऱ्या, पहाटे बस पकडून कामाला जाणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांना बसते. पण त्या आकड्याचं आणि दार धरून उभ्या असलेल्या त्या माणसाचं नातं काय? शाळेच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. आख्खी शाळा त्याच्या भरवशावर होती, आणि आम्हाला तीन पर्सांची काळजी पडली. आपल्यातला कुणी व्हिसाच्या घोटाळ्यात पकडला गेला की आपण म्हणतो, 'असतो एखादा नालायक.' तो 'एखादा' असतो. त्यांचा मात्र एकही माणूस 'एखादा' नसतो, प्रत्येक जण 'ते लोक' असतो.

आणि "त्यांच्या घरात वळण नाही, बाप नसतो, म्हणून" हे जे आपण इतक्या अधिकाराने सांगतो, त्याबद्दल दिल्लीत जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी यांचं २०१८ चं काम जरूर वाचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २ कोटी मुलांची माहिती तपासली. एकाच वस्तीत, सारख्याच उत्पन्नाच्या घरात वाढलेले गोरे आणि कृष्णवर्णीय मुलगे मोठे झाल्यावर काय कमावतात? देशातल्या ९९ टक्के वस्त्यांत कृष्णवर्णीय मुलगा मागे. दोन्ही पालक घरात असले तरी मागे. श्रीमंत घरातला असला तरी मागे. मुलींमध्ये मात्र, आईवडिलांचं उत्पन्न सारखं असेल, तर स्वतःच्या कमाईत अशी दरी जवळजवळ दिसत नाही. त्याच घरातल्या, त्याच वळणाच्या मुली! म्हणजे घराबाहेर पडल्यावर त्या मुलाच्या वाट्याला असं काहीतरी येतं जे त्याच्या बहिणीच्या वाट्याला त्याच रीतीने येत नाही. ते काय, हे मी माझ्या पर्सवर गेलेल्या हाताला विचारते.

"आम्ही आठ डॉलर खिशात घेऊन आलो." आपल्या आधीच्या पिढीचं हे आवडतं वाक्य, आणि त्यांच्या कष्टांना मी हात जोडते. पण खिशाखेरीज आणखी काय काय आणलं होतं तेही सांगू या. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी आणली होती, जिची खरी किंमत भारतातल्या कर भरणाऱ्यांनी मोजली. माझे आजोबा शाळामास्तर, पणजोबांना मोडी येत होती. आमच्या घरात चार पिढ्यांची अक्षरओळख आहे, ती सूटकेसमध्ये दिसत नाही. साउथ कॅरोलिनात १७४० पासून गुलामाला लिहायला शिकवणं हा दंडाचा गुन्हा होता. आणि इकडे यायचं दार तरी आपल्याला कुणी उघडलं? १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. तो गेला १९६५ च्या कायद्याने, ज्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली. त्याआधी दोनच महिने, ६ ऑगस्टला, मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली होती. मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांनी या देशाला जन्मावरून माणूस तोलायची लाज वाटायला लावली, आणि त्या लाजेतूनच राष्ट्रावर ठरणारे कोटे गेले. त्या दारातून नंतर आत आले कोण, तर डॉक्टर, इंजिनिअर, वेचून घेतलेले. निवडून आणलेल्या माणसांची तुलना आपण बेड्या घालून आणलेल्यांच्या नातवंडांशी करतो आणि म्हणतो, बघा, आम्ही कसे वर आलो.

त्याआधीचं एक पान तर आपण वाचतच नाही. भगत सिंग थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केली, आणि नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? की हे उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणून गोरेच आहेत, आणि उच्च जातीचा हिंदू तिथल्या आदिवासींकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत तसंच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. १९२३ साली न्यायालयाने तो दावा फेटाळला. खालच्याला खाली ठेवायचं वचन देऊन वर जागा मागितली, ती मिळाली नाहीच. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स'च्या टोळ्या कुंकू लावणाऱ्या बायकांना शोधत होत्या, तेव्हाही आपली जात आणि पदवी कुणी विचारली नव्हती.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या प्रवेशांत वंश विचारात घेणं बेकायदा ठरवलं तेव्हा आपल्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. "तिकडे आरक्षणाने वाट लावली, इकडेही तेच चाललं होतं." प्रवेशाच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात, मला त्यावर भांडायचं नाही. पण ते वाक्य पुण्याहून विमानात बसून जसंच्या तसं इथे उतरलं, हे मला फार लागलं. जे आपण तिथे दलित मुलाबद्दल बोलत होतो, तेच शब्द, तोच सूर.

एरवी आपल्याच भाषेत याहून किती वेगळं लिहिलं गेलं आहे! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. पुण्यात बसून, आठच वर्षांपूर्वी सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांत त्यांना आपली माणसं दिसली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या कुशीत. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' नाव दिलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरांवरून. माझ्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत यातलं काही एकदाही आलेलं नाही. कोजागरी आली, लावणी आली, संगीत नाटक आलं, आणि यायलाच हवं. पण हेही मराठीच आहे ना?

माझं मागणं फार मोठं नाही. मंडळात दरवर्षी 'पहिलं घर घेताना' हा कार्यक्रम होतो, त्याचे प्रायोजक रिअल इस्टेटवाले असतात. त्या कार्यक्रमात अर्धा तास या नकाशांसाठी ठेवा, आणि प्रायोजकांना स्पष्ट सांगा की 'तो एरिया नको' ही भाषा आपल्या व्यासपीठावर चालणार नाही. नोकरीच्या ग्रुपवर येणारी प्रत्येक ओपनिंग नेवार्क आणि ट्रेंटनच्या कम्युनिटी कॉलेजांच्या प्लेसमेंट ऑफिसला पाठवायची जबाबदारी एका कार्यकर्त्याकडे द्या. लागलं तर मी घेते, निवृत्त आहे, वेळ आहे. ज्यांच्या हातात नोकरी देणं आहे, त्यांनी गठ्ठ्याच्या तळाचे रेझ्युमे आधी वाचावेत. मुलांच्या लग्नाचं बोलताना "कुणीही आण, फक्त काळी नको" हे वाक्य आपण हसत हसत म्हणतो. मुलं ते हसण्यावारी नेत नाहीत, ती आपल्याबद्दलचं मत बनवून मोकळी होतात. आणि 'कल्लू' हा शब्द बंद करा. त्याला काही पर्याय शोधू नका, नुसता बंद करा.

त्या कस्टोडियनला मी गेल्या वर्षी काहीच बोलले नाही. संध्याकाळी आरतीनंतर सगळा पसारा आवरून झाला, खुर्च्या रचून झाल्या, तेव्हा एका प्लेटमध्ये पाच मोदक घेऊन त्याला शोधत गेले. त्याची पाळी संपली होती, दुसराच कुणी होता. मोदक त्याला देऊन आले. यंदाही हॉल तोच ठरला आहे असं सेक्रेटरींनी कळवलं आहे. मी साडेआठला येईन.

कार्यकारिणीची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. विषयपत्रिकेत या पत्रासाठी वीस मिनिटं ठेवावीत ही विनंती. एसेक्स आणि ट्रेंटनचे नकाशे आणि ते फॉर्म मी मोठ्या कागदावर छापून घेतले आहेत, घेऊन येते. टेबलं जरा जोडून ठेवा, मावायचे नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी